जात्यावरची ओवी आणि नवा श्रोता

पहाटेच्या अंधारात घराघरांतून उठणारी जात्याची घरघर महाराष्ट्राच्या खेड्यांतून आता जवळजवळ लोपली आहे. आधी तेलावर आणि पुढे विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या आल्या आणि दोन-तीन पिढ्यांच्या अवधीत घरचे दळण घराबाहेर गेले. ही घटना दुःखाची आहे असे कोणी म्हणू नये. दिवस उगवण्यापूर्वी खुंटा धरून बसावयाचे, मग पाणी, मग चूल, मग शेत, हा क्रम ज्यांच्या वाट्याला आला त्या स्त्रियांपैकी कोणी जाते परत मागितल्याचे ऐकिवात नाही. परंतु जात्याबरोबर आणखी एक गोष्ट घरातून उठून गेली. ती म्हणजे जात्यावर बसून गायिली जाणारी ओवी.

या ओवीचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात घेतले जात नाही. तिला श्रोता असा नव्हताच. कीर्तनाला श्रोते असतात, तमाशाला प्रेक्षक असतात, भजनाला निदान टाळकरी असतात. जात्यापाशी मात्र गाणारी आणि तिच्यासमोर खुंट्याला हात लावून बसलेली जाऊ, नणंद किंवा शेजारीण, एवढाच मेळा. घरातील पुरुष निजलेले. सासुरवासाचे दुःख, माहेरची ओढ, लेकीची काळजी, विठ्ठलाशी केलेली सलगी, सीतेच्या वनवासात दिसलेले स्वतःचे आयुष्य, हे सारे त्या वेळी बोलता येत असे, याचे कारण ऐकणारे कोणी नव्हते हेच होते. अशा काव्याला आज देशोदेशी हजारो श्रोते लाभावेत, ही गोष्ट प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. ती घडली आहे, आणि ती घडवून आणण्यात अंकीय, म्हणजे रूढ शब्दात डिजिटल, तंत्राचा मोठा वाटा आहे. तो वाटा नेमका किती आणि त्यापूर्वी माणसांना काय काय करावे लागले, हे आपल्या गावांच्या दृष्टीने समजून घेण्यासारखे आहे.

सांस्कृतिक क्षेत्रात या तंत्राचा बोलबाला झाला तो परदेशांतील मोठ्या संस्थांमुळे. अ‍ॅमस्टरडॅम येथील रिक्स म्युझियमची इमारत दुरुस्तीसाठी २००३ पासून दहा वर्षे बहुतांशी बंद होती. त्या काळातच, २०१२ मध्ये, संस्थेने आपल्या संग्रहातील सुमारे सव्वा लाख वस्तूंची उत्तम छायाचित्रे सर्वांना विनामूल्य खुली केली. लंडनच्या नॅशनल थिएटरने जून २००९ मध्ये आपल्या रंगमंचावरील नाटक त्याच वेळी चित्रपटगृहांत दाखविण्यास प्रारंभ केला, आणि पुढे मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रातही हे प्रयोग पडद्यावर पाहावयास मिळू लागले. ही उदाहरणे चांगली आहेत. पण त्यांतून आपल्या तालुक्यास घेण्यासारखे थोडेच आहे. या संस्थांपाशी इमारत होती, पैसा होता, आणि मोठे नाव होते. जिच्यापाशी यांतील काहीही नाही अशा कलेचे काय, हा आपला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ओवीच्या हकिगतीत मिळते.

कागदावरची ओवी

ओव्या जमविण्याचे काम महाराष्ट्रात नवे नाही. साने गुरुजींनी घरोघरच्या स्त्रियांकडून ओव्या मिळवून त्या 'स्त्री-जीवन' या संग्रहात सिद्ध केल्या. सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली राज्याच्या लोकसाहित्य समितीने अनेक खंड प्रसिद्ध केले. मराठवाड्यात ना. गो. नांदापूरकरांनी स्त्रियांच्या ओव्यांतून उभी राहिलेली रामकथा अभ्यासकांपुढे ठेवली. या मंडळींचे ऋण मोठे आहे. त्यांनी वेळीच कागद हाती घेतला नसता, तर पुष्कळसे कायमचे नष्ट झाले असते.

तथापि छापील पुस्तकाला दोन मर्यादा होत्या. एक उघडच आहे. कागदावर शब्द उतरतो, सूर उतरत नाही. ओवीची चाल, मधेच घेतलेला 'बाई', दोन्ही हातांनी खुंटा ओढताना लांबलेला स्वर आणि खाली सतत चाललेली दगडाची घरघर यांशिवाय ओवी वाचणे म्हणजे जेवणाचा बेत वाचून पोट भरण्यासारखे आहे. दुसरी मर्यादा अधिक विचार करण्याजोगी आहे. संग्रहात ओव्या विषयवार लावल्या जात आणि त्या लावताना गाणारीचे नाव पुष्कळदा गळून पडे. 'लोकांचे काव्य' असे आपण आदराने म्हणतो खरे. पण लोक म्हणजे कोण, कोणत्या गावची, कोणत्या वयाची, किती लेकरांची आई, हे नाहीसे झाले की तो आदरही जरा पोकळच होतो.

एक लाख ओव्यांचा संग्रह

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी हा दुसरा दोष आपल्या कामातून काढून टाकला. पॉइटवाँ हे मूळचे फ्रान्सचे. भारतात येऊन ते येथलेच नागरिक झाले. पुण्यातील सामाजिक शास्त्रांच्या सहकारी संशोधन केंद्रामार्फत आणि मुळशी, मावळ या डोंगरी भागांतील गोरगरिबांच्या संघटनेत काम करीत असताना, १९८० नंतरच्या दशकात, गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांना बरोबर घेऊन त्यांनी जात्यावरच्या ओव्या टिपण्यास आरंभ केला. ही गोष्ट महत्त्वाची, कारण टिपून घेणारी बाई बहुधा त्याच भागातली, त्याच बोलीची आणि स्वतः ओव्या येणारी असे. जे शहरातून आलेल्या साहेबाला सांगितले गेले नसते, ते तिला सांगितले गेले.

वीसएक वर्षांच्या या परिश्रमातून एक हजारांहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या मिळून सुमारे १ लाख १० हजार ओव्या गोळा झाल्या. प्रत्येक ओवीपुढे गाणारीचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला. विषयांचे वर्गीकरणही तितकेच बारकाईचे. पंढरीची वाट, सीता, भाऊ-बहीण, माय-लेक, शेत, रोग, गरिबी. आणि बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात गायिलेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्यासुद्धा. जात्यावरची ओवी म्हणजे केवळ देवादिकांची आळवणी असे समजणाऱ्यांनी हा शेवटचा भाग अवश्य ऐकावा.

१९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्रातील संगणक आणि संगीत या दोन्ही विषयांचे जाणकार या कामात सहभागी झाले. त्यांनी ओव्यांची संगणकीय सूची उभारली आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. हा ठेवा प्रथम गुडगाव येथील लोक व अभिजात संगीताच्या अभिलेखागारात आणि पुढे फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स येथील खुल्या अभिलेखागारात जतन झाला. पॉइटवाँ २००४ मध्ये आणि हेमा राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. मार्च २०१७ पासून पत्रकार पी. साईनाथ यांनी उभारलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', म्हणजे 'पारी', या संकेतस्थळावर या ओव्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या, आणि तेव्हापासून त्यांना खऱ्या अर्थाने श्रोता मिळाला.

आवाजाचे आकडे

येथे तंत्राविषयी थोडे विवेचन आवश्यक आहे. जुन्या ध्वनिफितीवर आवाज चुंबकीय लेपातील चढउतारांच्या रूपाने साठविला जाई. फितीवरून फीत केली की दर वेळी खरखर वाढे आणि सूर फिका होई. अंकीय पद्धतीत आवाजाच्या लहरीचे एका सेकंदात ४४ किंवा ४८ हजार वेळा मोजमाप घेतले जाते आणि ती मापे आकड्यांच्या रूपात ठेवली जातात. आकड्यांची नक्कल मुळाबरहुकूम होते. शंभरावी प्रत पहिल्या प्रतीइतकीच स्वच्छ असते. १२० तासांचे असे उत्तम प्रतीचे मुद्रण सुमारे ८० गिगाबाइट जागेत बसते, आणि एवढी जागा आज मोबाइलमध्ये घालावयाच्या नखाएवढ्या कार्डातही असते. एका गावचा आवाज दुसऱ्या गावी, दुसऱ्या देशी पोहोचविण्यास आता फिती, टपाल, पेट्या यांपैकी कशाचीही गरज उरली नाही.

पण हा झाला साठवणीचा आणि वाहतुकीचा भाग. श्रोता मिळतो तो सापडण्याने. एक लाख ओव्यांच्या राशीतून हवी ती ओवी हाती कशी यावी? संगणकाला शब्द दिला की तो शोधून देतो, हे खरे. तथापि शहरातील विद्यार्थी 'विठ्ठल' असा शब्द देईल आणि मावळातील गाणारी तर 'इठ्ठल' म्हणालेली असेल. संगणकाच्या लेखी हे दोन निराळे शब्द. ओवीची बोली सुधारून लिहावी तर गाणारीचा अपमान आणि अभ्यासाचीही हानी. न सुधारावी तर शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. या अडचणीतून वाट निघाली ती मघाशी सांगितलेल्या वर्गीकरणाने. प्रत्येक ओवीला विषयाची खूण अगोदरच लावलेली असल्यामुळे शब्द कसाही उच्चारलेला असला तरी पंढरीची ओवी पंढरीच्या कप्प्यात मिळते. ही खूण यंत्राने लावलेली नाही. ओवी समजणाऱ्या माणसांनी ती एकेक वाचून लावलेली आहे. नव्या तंत्राविषयी उत्साहाने बोलताना या कंटाळवाण्या कामाचा उल्लेख क्वचितच होतो.

याच्या उलट काय घडते, त्याचा एक नमुना प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आहे. एका संस्थेच्या कपाटात लोकगीतांच्या पंचवीसएक कॅसेट निघाल्या. संस्थेने उमेद बांधून त्या संगणकावर उतरवून घेतल्या. आवाज बऱ्यापैकी उमटला. परंतु कॅसेटच्या पाठीवर 'लोकगीते १', 'लोकगीते २' याखेरीज एक अक्षर नव्हते. कोणी गायिले, कोठे, कधी, हे सांगणारा कर्मचारी निवृत्त होऊन वारलेला. त्या मुद्रणाच्या आज चार स्वच्छ प्रती आहेत आणि चारही कोणी ऐकत नाही.

श्रोते कोण?

'पारी'वर ओवी जशी मांडली जाते, ती पद्धत येथे पाहण्यासारखी आहे. ओवीचे मराठी शब्द, तिचा आवाज, शेजारी इंग्रजी आणि अन्य भारतीय भाषांतील अनुवाद, आणि खाली गाणारीचे छायाचित्र, नाव, गाव, वय, मुलेबाळे, व्यवसाय, ध्वनिमुद्रणाची तारीख. अनेक ठिकाणी संपादक मंडळी वीस-वीस वर्षांनी त्याच गावी परत गेली, त्याच स्त्रियांना भेटली आणि त्यांचे चित्रीकरण केले. कोणी म्हाताऱ्या झाल्या होत्या, कोणी हयात नव्हत्या. गाणारीला चेहरा मिळाल्यामुळे परका श्रोताही थांबतो. केवळ 'महाराष्ट्रातील एक लोकगीत' म्हणून आवाज ऐकविला असता, तर तो थांबलाच असता असे सांगता येत नाही.

या नव्या श्रोत्यांत स्त्रीजीवनाचे आणि भाषेचे अभ्यासक आहेत. ज्यांनी जाते पाहिलेले नाही अशी शहरी मुले आहेत. दूर देशी गेलेली आणि आजीचा आवाज विसरत चाललेली मराठी माणसे आहेत. अनुवादामुळे मराठीचा गंध नसलेले वाचकही ओवीपर्यंत येतात. हे सर्व आनंदाचे आहे.

परंतु माझ्या मते सर्वांत मोलाचा श्रोता यांच्यापैकी कोणी नाही. तो गाणाऱ्या बाईच्या घरातच आहे. तिची नात तालुक्याच्या महाविद्यालयात जाते, तिच्या हातात मोबाइल आहे, आणि आजी काय गात असे हे तिला ठाऊक नाही. जाते गिरणीत गेल्यापासून आजीने तिच्यासमोर तोंड उघडण्याचा प्रसंगच आलेला नाही. आपल्या आजीचे नाव, आपल्या गावाचे नाव आणि खाली तिचा आवाज असे पडद्यावर पाहिल्यावर या मुलीच्या मनात जे होईल, ते परदेशी अभ्यासकाच्या मनात होणार नाही. आणि खेदाची गोष्ट ही की, नेमका हाच श्रोता आपोआप येत नाही. संकेतस्थळ सर्वांना खुले असते. पण गावातल्या मुलीला ते आहे हे सांगावे लागते. ते कोणी सांगावयाचे? शिक्षकाने, ग्रंथपालाने, ग्रामसेवकाने. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला, आणि त्याखाली अनुदान मिळणारी ग्रंथालये राज्यात दहा हजारांहून अधिक आहेत. यांतील प्रत्येक ग्रंथालयाने महिन्यातून एक सायंकाळ आपल्या तालुक्यातील ओव्या ऐकविण्यासाठी राखून ठेवली, तर त्यास लागणारा खर्च एका ध्वनिवर्धकाचा आणि चहाचा. गावनिहाय सूची तयारच असल्यामुळे आपल्या तालुक्याची ओवी शोधून काढणे कठीण नाही.

उरलेले काम

यापुढे एक साधे गणित मांडतो. ओव्या १ लाख १० हजार. ध्वनिमुद्रण १२० तास, म्हणजे ४ लाख ३२ हजार सेकंद. भागाकार केला तर एका ओवीच्या वाट्याला चार सेकंदही येत नाहीत. एवढ्या वेळात ओवीचा पहिला चरणही धड होत नाही. याचा अर्थ उघड आहे. बहुसंख्य ओव्यांचे शब्द राहिले, आवाज राहिला नाही. हा त्या संग्राहकांचा दोष मुळीच नव्हे. त्यांनी जे केले ते त्यांच्या साधनांच्या मानाने अफाट आहे. आणि ही झाली हजारएक गावांची गोष्ट. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच २७ हजारांहून अधिक आहेत.

ज्या स्त्रियांनी स्वतः जाते ओढले आणि ओव्या रचल्या, त्यांचे वय आज बहुतेक सत्तरीच्या पुढे आहे. बर्नार्ड बेल यांना त्या काळी जी यंत्रसामग्री उचलून न्यावी लागली, तीपेक्षा सोयीचे साधन आज प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आहे. ग्रामपंचायती भारतनेट योजनेखाली तंतुवाहिनीने जोडल्या जात आहेत. अडचण यंत्राची नाही.

ज्या शाळांना किंवा पंचायतींना हे काम हाती घ्यावेसे वाटेल, त्यांच्यासाठी व्यवहारातील काही गोष्टी. ध्वनिमुद्रण सुरू होताच प्रथम गाणारीनेच आपले नाव, गाव आणि दिवस सांगावा. मग कागद हरवला तरी माहिती आवाजातच राहते. मोबाइल हातात धरू नये, दुमडलेल्या कापडावर ठेवावा, आणि पंखा बंद करावा. मोबाइलवरून संदेशाने पाठविलेला आवाज वाटेत आकुंचित होतो, म्हणून मूळ नोंद केबलने संगणकावर उतरवून घ्यावी. तिच्या निदान तीन प्रती कराव्या आणि त्यांपैकी एक गावाबाहेर, जिल्ह्याच्या ग्रंथालयात किंवा जवळच्या महाविद्यालयात, ठेवावी. अंकीय प्रत फिकी होत नाही हे खरे, पण जाते तेव्हा ती एकाएकी आणि संपूर्ण जाते. फितीवर निदान खरखर तरी उरत असे.

दुसरी गोष्ट परवानगीची. ओवी ही खासगीतून उगवलेली आहे, हे आरंभी सांगितलेच. सासूचे नाव घेऊन गायिलेली ओवी सुनेला आजही सर्व गावापुढे नको असेल. काय प्रसिद्ध करावे आणि काय केवळ जपून ठेवावे, हे तिला विचारले पाहिजे आणि तिचे उत्तर लिहून ठेवले पाहिजे. गाणाऱ्याचा आपल्या गायनावर हक्क असतो, हे आपल्या प्रतिमुद्राधिकार कायद्यानेही १९९४ च्या दुरुस्तीपासून मान्य केले आहे. उद्या कोणी त्या आवाजावर वाद्यमेळ चढवून तो बाजारात आणला, तर बाईचे नाव आणि तिचा वाटा मागण्यास हाच लेखी कागद उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट प्रसंग निवडण्याची. म्हातारीला खुर्चीवर बसवून 'गा' म्हटले की तिला चार ओव्यांपलीकडे आठवत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे. ओवी हाताच्या हालचालीतून येते. हात फिरू लागला की एकीतून दुसरी सुटत जाते. घरात जाते असेल तर ते मांडावे, मूठभर ज्वारी घालावी आणि समोर तिच्या जोडीची बाई बसवावी. सर्वांत चांगली संधी लग्नघरी मिळते. तेथे हळद दळण्यासाठी जाते अजूनही धुऊन, पुजून मांडले जाते आणि चार जुन्या बायका भोवती बसतातच. त्या दिवशी घरधन्याला आधीच भेटून, तेवढा अर्धा तास मांडवातील लाउडस्पीकर बंद ठेवण्याचे कबूल करून घ्यावे.